बाकावरून बोलायला बंदी होती तेव्हाचा प्रशिक्षक: गाय चेंबरलिन

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या प्रशिक्षकांच्या विजयाच्या टक्केवारीची यादी पाहताना लोंबार्डी आणि मॅडन या नामवंत प्रशिक्षकांच्याही वर तुम्हाला गाय चेंबरलिन हे नाव दिसलं. १९२२ ते १९२७ अशी जेमतेम सहा वर्षं, त्यात चार विजेतेपदं. शेवटच्या वर्षी ३ विजय, ७ पराभव आणि १ बरोबरी, आणि मग नावच गायब. हा माणूस खरंच मोठा प्रशिक्षक होता, की चांगले खेळाडू हाताशी होते म्हणून जिंकला? आणि तेहेतिसाव्या वर्षी, जेव्हा इतरांची प्रशिक्षक म्हणून सुरुवात होते, तेव्हा तो थांबला का? शिवाय तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या तुमच्या फ्लॅग फुटबॉल (खेळाडूला पाडण्याऐवजी त्याच्या कमरेची पट्टी ओढायचा प्रकार) संघात तुम्ही स्वतः खेळता आणि सरावही तुम्हीच घेता, म्हणून हा माणूस जवळचा वाटतो.

मी ओहायोत एका हायस्कूलच्या संघाबरोबर २२ वर्षं सहायक प्रशिक्षक म्हणून काम करतोय. माझ्याकडे एंड खेळणारी मुलं असतात, म्हणजे रांगेच्या टोकाला उभी राहणारी. चेंबरलिनची जागा तीच. इथे येण्याआधी सांगली जिल्ह्यात कबड्डी खेळलो, आणि शेवटची चार वर्षं कर्णधार आणि प्रशिक्षक अशी दोन्ही कामं केली. म्हणून या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतंय.

आधी आकड्याचा घोळ निस्तरू. चेंबरलिनची एकूण नोंद ५८ विजय, १६ पराभव, ७ बरोबरी. तुम्हाला एके ठिकाणी ७८ टक्के दिसले असतील, दुसरीकडे ७६. दोन्ही बरोबर आहेत. बरोबरीचे सामने सोडून दिले तर ७४ पैकी ५८, म्हणजे .७८४. प्रत्येक बरोबरी अर्धा विजय धरली तर .७५९. त्याच्या काळी लीग बरोबरी मोजतच नसे, आणि ही गोष्ट पुढे १९२६च्या हिशेबात फार महत्त्वाची ठरते, म्हणून लक्षात ठेवा. मात्र ८१ सामने म्हणजे आजच्या मोजमापाने पाच मोसमही होत नाहीत. मॅडननी शंभरावर सामने जिंकले. त्यामुळे "यादीत पहिला" यावरून मी कुणालाही थोर म्हणणार नाही. चेंबरलिनला मी मानतो ते वेगळ्या कारणाने.

ते कारण नियमांत आहे. एनएफएलमध्ये १९४४ पर्यंत सामना चालू असताना प्रशिक्षकाने बाकावरून खेळाडूंना सूचना देणं नियमाबाहेर होतं. त्या वर्षी नियम बदलला आणि आपल्या बाकाच्या हद्दीतून बोलायची मुभा मिळाली. आज कानाला हेडफोन लावून, हातात जाडजूड पत्रक धरून प्रत्येक चाल बाहेरून पाठवणारा प्रशिक्षक आपण पाहतो. १९२२ साली तो माणूस अस्तित्वातच नव्हता. कुठली चाल खेळायची, पंट (चेंडू लाथेने दूर टोलवून प्रतिस्पर्ध्याला देणं) कधी मारायचा, बचावात कुणी कुठे सरकायचं, हे सगळं मैदानातल्या अकरा जणांनी ठरवायचं. बाहेर गेलेला खेळाडू हवा तेव्हा परत आत येऊ शकत नसे, आणि तेच अकरा जण आक्रमणही करत आणि बचावही. १९२५ साली संघाची मर्यादा १६ खेळाडूंची होती, १९२६ला ती १८ झाली. माझ्या शाळेच्या संघात आज याच्या तिपटीहून जास्त मुलं आहेत.

अशा खेळात प्रशिक्षक बाहेर बसला तर सामन्यापुरता तो प्रेक्षकच. त्याने आठवडाभर जे पेरलं तेवढंच उगवायचं. म्हणून त्या काळात खेळणारा प्रशिक्षक ही सर्रास गोष्ट होती. कॅंटनचा जिम थॉर्प, ॲक्रनचा फ्रिट्झ पोलार्ड, ग्रीन बेचा कर्ली लॅम्बो, शिकागोचा जॉर्ज हॅलस, सगळे मैदानात उतरून संघ चालवायचे. तेव्हा "प्रशिक्षक की खेळाडू" या तुमच्या प्रश्नात जो फरक आपण गृहीत धरतोय तो चेंबरलिनच्या आयुष्यात नव्हताच.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी हातातून कळलं होतं. कबड्डीत मी कोपऱ्यावर उभा राहायचो. साखळीत शेजाऱ्याचा हात धरलेला असतो. चढाई करणारा कुठल्या पायावर भार टाकतोय हे दिसलं की मी शेजाऱ्याचा पंजा एकदा दाबायचो, म्हणजे थांब. दोनदा दाबला की पकड. तोंडातून शब्द नाही, चढाईवाल्याला पत्ता नाही. सरावात आम्ही तासन्‌तास हेच केलं. पुढे माझा गुडघा गेला आणि मी बाहेर बसून संघ सांभाळू लागलो. पोरं तीच, डावपेच तेच. पण पायावरचा भार मला बाहेरून दिसला तरी तो सांगायला माझ्या हातात कुणाचा पंजा नव्हता. त्या वर्षी आम्ही तालुक्याच्या पुढे गेलो नाही. चेंबरलिनचं १९२७चं ३-७-१ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते वर्ष आठवलं.

आता त्याच्या कारकिर्दीकडे. जन्म १८९४चा, नेब्रास्कातल्या ब्लू स्प्रिंग्जचा, शेतकऱ्याच्या घरचा. आधी नेब्रास्का वेस्लियन, मग १९१४ आणि १९१५ ही दोन वर्षं नेब्रास्का विद्यापीठ. त्या दोन वर्षांत विद्यापीठाचा संघ एकही सामना हरला नाही. युद्धकाळात सैन्यात होता, आणि १९१९ला कॅंटनमध्ये थॉर्पच्या संघात आला.

त्याच्या घडणीतली खरी शाळा मला १९२०ची वाटते. डेकेटर या इलिनॉयमधल्या गावात स्टेली नावाचा स्टार्चचा कारखाना होता. त्याने फुटबॉल संघ काढला आणि तो उभारायला तरुण जॉर्ज हॅलसला बोलावलं. हॅलसने चेंबरलिनला आणलं. खेळाडू कारखान्याच्या पगारावर होते आणि त्यांना कामाच्या वेळेतच सरावाची मुभा होती. त्या काळात बहुतेक व्यावसायिक संघांतले खेळाडू आठवडाभर आपापल्या नोकऱ्या करायचे आणि सामन्यापुरते जमायचे, तिथे डेकेटरची मंडळी रोजच्या रोज एकत्र घाम गाळत होती. हाताचे इशारे, पावलांची वेळ, शेजारचा कधी आत घुसेल याचा अंदाज, हे सगळं रोजच्या सहवासातूनच येतं. पुढच्या वर्षी संघ शिकागोला गेला आणि १९२१चं विजेतेपद जिंकला. बफेलोविरुद्धच्या निर्णायक सामन्यात चेंबरलिनने प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच पकडून थेट टचडाउन केलं, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन सहा गुण मिळवले. निकाल १०-७.

१९२२ला कॅंटन संघाचे मालक राल्फ हे यांनी त्याला खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून घेतलं. या राल्फ हेंचा मोटारी विकायचा धंदा होता. १७ सप्टेंबर १९२० रोजी ज्या शोरूममध्ये ही लीग जन्मली ते त्यांचंच. कॅंटनचे ते दोन मोसम म्हणजे १० विजय, २ बरोबरी आणि पुढच्या वर्षी ११ विजय, १ बरोबरी. पराभव एकही नाही. १९२२मध्ये संपूर्ण मोसमात प्रतिस्पर्ध्यांनी मिळून १५ गुण केले, १९२३मध्ये १९. मी बचाव शिकवतो, मला हे आकडे वाचून आजही नवल वाटतं.

इथे तुमची शंका रास्त आहे. त्या संघात पीट हेन्री आणि लिंक लायमन हे दोन टॅकल, म्हणजे रांगेत एंडच्या शेजारी उभे राहणारे, होते, आणि दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत, गेले. लायमन तर चेंबरलिनसारखाच नेब्रास्काचा. अशी दोन माणसं रांगेत असताना कुणीही जिंकला असता असं म्हणता येईल. १९२४च्या क्लीव्हलंडलाही मी स्वतंत्र पुरावा धरत नाही. विजेता असूनही कॅंटनचा संघ तोट्यात बुडत होता, तेव्हा क्लीव्हलंडच्या संघाच्या मालकाने तो विकत घेतला आणि त्यातले बरेच खेळाडू आपल्याकडे नेले. ७-१-१ करून क्लीव्हलंड विजेतं झालं खरं, पण गाव बदललं तरी माणसं बरीचशी तीच होती.

म्हणून कुणाला खरी परीक्षा पाहायची असेल तर मी फ्रॅंकफर्डकडे बोट दाखवतो. फ्रॅंकफर्ड हा फिलाडेल्फियाचाच एक भाग. संघाचं नाव यलो जॅकेट्स. पेनसिल्व्हेनियात तेव्हा रविवारी खेळायला कायद्याने बंदी होती. मग हा संघ शनिवारी घरच्या मैदानावर खेळायचा, रात्री आगगाडीत बसायचा आणि रविवारी दुसऱ्या राज्यात पुन्हा सामना. १९२५ला त्यांनी लीगचे २० सामने खेळले, १३ जिंकले, ७ हरले. १६ माणसांत २० सामने, तेही अनेकदा लागोपाठच्या दिवशी. मी ज्या मुलांना शुक्रवारी रात्री खेळवतो त्यांना शनिवारी सकाळी जिना चढता येत नाही. अशा थकलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी उभं करायचं आणि स्वतःही त्यांच्यात उभं राहायचं, यातलं कसब कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही.

१९२६ला फ्रॅंकफर्डने १४ जिंकले, १ हरले, २ बरोबरीत सोडवले. आणि या वर्षी हेन्री त्याच्याकडे नव्हता, लायमनही नव्हता. लायमन तर शिकागो बेअर्सकडे गेला होता.

४ डिसेंबर १९२६, शनिवार, फिलाडेल्फियाचं शाइब पार्क. समोर हॅलसचे बेअर्स, म्हणजे डेकेटरहून शिकागोला गेलेला, ज्यात चेंबरलिन शिकला तोच संघ, आणि तोपर्यंत एकही सामना न हरलेला. चौथ्या सत्रापर्यंत शून्य-शून्य. मग बेअर्सच्या बिल सेनने लांब धाव घेऊन टचडाउन केलं, ६-०. आता टचडाउननंतर मिळणारी एका जादा गुणाची किक. मारणारा पॅडी ड्रिस्कॉल, चेंडू जमिनीवर टाकून उसळताक्षणी मारायच्या ड्रॉपकिकचा त्या काळातला बादशहा. आणि ती किक चेंबरलिनने अडवली.

किक अडवणं बाहेरून पाहणाऱ्याला नशिबाचा खेळ वाटतो. मी मुलांना हे शिकवतो म्हणून सांगतो, त्यात नशीब फार थोडं असतं. चेंडू हलला की निघायचं, आवाजावर कधीच नाही. टोकाकडून आत येताना किक मारणाऱ्याच्या अंगावर जायचं नाही, कारण तिथे पोहोचेपर्यंत चेंडू गेलेला असतो. त्याच्या पायाच्या पुढे दीडेक हातावर एक जागा मनात धरायची आणि हात पसरून त्या जागेवर झेप घ्यायची. डोळे उघडे ठेवायचे. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड, कारण जोरात येणाऱ्या चेंडूसमोर डोळे आपोआप मिटतात. माझ्याकडे दरवर्षी एखादाच मुलगा निघतो ज्याला हे जमतं. चेंबरलिन तेव्हा बत्तीस वर्षांचा होता आणि त्या मोसमाचे बहुतेक सगळे सामने त्याच्या अंगावर होते.

त्यानंतर शेवटच्या काही मिनिटांत ह्यूस्टन स्टॉकटनने पास फेकला आणि हेन्री होमनने तो पकडून टचडाउन केलं. (हा स्टॉकटन म्हणजे बास्केटबॉलपटू जॉन स्टॉकटनचा आजोबा.) होमन चणीने इतका लहान की त्याला "टू-बिट्स" म्हणत, म्हणजे पाव डॉलर. आपल्याकडे त्याला पावली म्हटलं असतं. फ्रॅंकफर्डची किक बरोबर बसली, ७-६.

आता तो बरोबरीचा हिशेब काढा. तेव्हा अंतिम सामना नसे, विजेता टक्केवारीवर ठरे आणि बरोबरी मोजत नसत. मोसमाअखेर फ्रॅंकफर्ड १४-१, म्हणजे .९३३. बेअर्स १२ विजय, हा एकच पराभव, ३ बरोबरी, म्हणजे .९२३. ती किक गेली असती तर सामना ७-७ सुटला असता. बेअर्सच्या खात्यात पराभवच उरला नसता, टक्केवारी पूर्ण १.००० झाली असती, आणि फ्रॅंकफर्ड १३-१ वर, .९२९ वर थांबलं असतं. संपूर्ण मोसमाचं विजेतेपद त्या दीड हाताच्या जागेवर ठरलं. आता मला सांगा, ते श्रेय प्रशिक्षकाच्या खात्यात टाकायचं की खेळाडूच्या?

परिस्थितीवर काय काय अवलंबून होतं तेही मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. १९२६ला लीगमध्ये २२ संघ होते आणि त्यांची ताकद अतिशय विषम होती. सामने प्रत्येक संघ आपले आपण ठरवायचा. कुणी १७ खेळायचा, कुणी चार-पाचात आटोपायचा. त्याच वर्षी रेड ग्रेंज या गाजलेल्या खेळाडूच्या नावावर दुसरी लीगही निघाली होती, तिने खेळाडू खेचले, आणि तिचा विजेताही फिलाडेल्फियाचाच होता. दुबळ्या संघांविरुद्धचे काही विजय चेंबरलिनच्या ५८मध्ये नक्कीच आहेत. पण त्याच्या काळात इतर सगळ्यांनाही तीच सोय होती, आणि पाच वर्षांत चार विजेतेपदं दुसऱ्या कुणालाही जमली नाहीत.

१९२७चं कोडं इथेच सुटतं. त्या वर्षी लीग २२ संघांवरून १२वर आली. कमकुवत संघ गळाले, चांगले खेळाडू उरलेल्या बारांत एकवटले, म्हणजे सोपा सामना असा राहिला नाही. चेंबरलिन गेला शिकागो कार्डिनल्सकडे, आणि तो संघ पैशाअभावी आदल्याच वर्षी ड्रिस्कॉलला गमावून बसला होता. आणि चेंबरलिन स्वतः ३३ वर्षांचा. या तीन कारणांत मी तिसऱ्याला सगळ्यात वर ठेवतो. त्याची प्रशिक्षणाची पद्धतच शरीरातून चालणारी होती. पाय मंदावले की फक्त एक एंड मंदावत नव्हता, मैदानातल्या निर्णयाची जागाच मंदावत होती. बाहेर बसून बोलायची मुभा यायला अजून १७ वर्षं होती.

मग हॅलस कसा टिकला? तो चेंबरलिनपेक्षा वर्षभराने लहान, जागाही तीच, एंडची. १९२९चा मोसम संपेपर्यंत त्यानेही खेळ आणि प्रशिक्षण सोडलं आणि राल्फ जोन्सला नेमलं. पण संघ त्याच्या मालकीचा होता. तीन वर्षं बाजूला राहून १९३३ला तो परत आला आणि मधून मधून थांबत १९६७ पर्यंत प्रशिक्षक राहिला. चेंबरलिन पगारी माणूस. त्याला परतायला स्वतःचं घर नव्हतं, म्हणून तो खऱ्या घरी, नेब्रास्काला गेला. १९६५ला त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये लागलं, १९६७ला तो गेला. नेब्रास्का विद्यापीठ आजही शेवटच्या वर्षाच्या उत्कृष्ट खेळाडूला त्याच्या नावाचं पारितोषिक देतं.

म्हणून माझं उत्तर असं: हो, तो थोर प्रशिक्षक होता, कारण त्याच्या वेळी प्रशिक्षकाचं जे काम होतं ते त्याच्याइतकं चांगलं कुणी केलं नाही. १९३५ किंवा १९५५ साली तो तेवढाच यशस्वी झाला असता असं मात्र मी म्हणणार नाही.

तुमच्या स्वतःच्या संघाबद्दल. तुम्ही मैदानात असताना जे इशारे देता ते आजच कागदावर काढा आणि सरावात आलटून पालटून दुसऱ्या कुणालातरी द्यायला लावा. आठवड्यातला एक सराव तुम्ही स्वतः बाहेर उभं राहून घ्या, तोंड बंद ठेवून, वही हातात घेऊन. पहिल्या दोन-तीन वेळा सगळं विस्कटेल, ते विस्कटू द्या. कुठे विस्कटतं ते लिहून ठेवा, कारण तेवढाच भाग अजून फक्त तुमच्या अंगात आहे. गुडघा जायच्या आधी मी हे केलं नाही. फ्लॅगमध्ये मैदानात पाचच जण असतात, त्यामुळे एकाच्या डोक्यावरचा भार लगेच जाणवतो. तुम्ही कुठल्या जागेवर खेळता आणि चाल कोण सांगतं, एवढं कळवलंत तर इशारे वाटून कसे द्यायचे ते पुढच्या वेळी नेमकं सांगतो.